मी पिवळा झालो तो पावसाळा

औषधशास्त्रात मी नापास झालो ही बातमी आमच्या गावात माझ्याआधी पोचली. नागपूरहून मोटार कोहमाऱ्याच्या फाट्यावर थांबली आणि मी वळकटी घेऊन उतरलो, तर चहावाला माझ्याकडे न बघताच म्हणाला, "क्या डाक्टर, लुढक गये?" बातमी एवढी वेगाने कशी आली ते मला आजतागायत कळलेलं नाही. तार केली असती तरी दुसऱ्या दिवशी मिळाली असती.

दुसऱ्या खेपेला मी पास झालो, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव त्यात अडकायला नको. मला सांगायचं आहे ते मधल्या पावसाळ्याचं.

नापास का झालो, तेही सांगतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. औषधशास्त्र म्हणजे औषध शरीरात गेल्यावर काय करतं, किती दिल्यावर करतं आणि कधी बाहेर पडतं, याचं शास्त्र. ऐकायला सोपं आहे. पण ते शिकवायचे बेडकाच्या काळजावर. बेडकाचं काळीज दोऱ्याने एका काडीला बांधायचं, काडी काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर टेकवायची, आणि काळीज धडधडेल तशी काजळीवर नक्षी उमटायची. वर औषधाचा थेंब टाकला की नक्षी बदलते. माझ्या ढोलावर कायम एकच नक्षी असायची, माझ्या बोटांची. एकदा तर मी शिंकलो आणि अर्ध्या वर्गाची काजळी माझ्या तोंडावर आली. गोळ्या वळायच्या तासाला माझ्या गोळ्या बोराएवढ्या व्हायच्या. मास्तर म्हणाले, "ही रोग्याला द्यायची की रोग्यावर फेकून मारायची?"

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी विचारलं, "काही औषधं पहिल्यांदा मोठ्या मात्रेत देतात आणि मग मात्रा कमी करतात. का?"

उत्तर मला येत होतं असं मी म्हणणार नाही. पण गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी रोगाले धाक बसावा म्हणून."

परीक्षकांनी चष्मा काढला. हसले असते तर बरं झालं असतं. "रोगाले," ते नुसतंच म्हणाले, माझ्या बोलीवर बोट ठेवून. मग म्हणाले, "कोठून आलात ते सांगा." मीही सांगितलं, मान वर करून, गावाचं नाव, तालुका, जिल्हा भंडारा, सगळं. त्यावर ते म्हणाले, "तिकडे परत जा आणि औषध अंगात साठतं म्हणजे काय, ते शिकून या."

तेव्हा मला भयंकर राग आला होता. तो राग घेऊनच मी घरी आलो, आणि पुढचं सगळं त्या रागानेच घडवलं.

घरी बाबांनी एक शब्द विचारला नाही. सकाळी उठवलं आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, नेऊन उभं केलं. रोवणा सुरू झाला होता. गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावत जायचं आणि मागे सरकत जायचं, ही आमच्याकडची सगळ्यांत मोठी परीक्षा. त्यातही मी नापासच होतो. माझी ओळ वाकडी जायची आणि पलीकडच्या बायका हसायच्या. सगळ्यांत जोरात हसायची माझी धाकटी बहीण. रोवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिचं लग्न ठरलं होतं सडक अर्जुनीकडच्या एका शेतकरी घरात. त्यांचं थोडं किराणा दुकानही होतं. धान घरी आलं की मांडव, असं दोन्हीकडून बोलणं झालेलं.

एका दुपारी ती ओळीत मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, "माले थंडी वाजून राहिली."

कडक ऊन पडलं होतं. बाकीच्या घामाने भिजलेल्या. तिला घरी आणून खाटेवर टाकलं, दोन गोधड्या घातल्या, तरी खाट वाजत होती. मग अंग भट्टीसारखं तापलं, मग घाम फुटला, आणि दिवेलागणीला ती उठून भात मागत होती. दुसऱ्या दिवशी रोवायला हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी.

हिवताप. एवढं माझ्यासारख्या नापासालाही कळत होतं. मी तिच्या पोटाला हात लावून पाहिला तर डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागत होती, टणक. म्हणजे हा ताप आजचा नव्हता. अंगावर काढत आली होती.

माझा हात तिथंच थांबला, कारण मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरची नवी सून अशीच एकाड एक दिवस थंडी वाजत दगावली होती. तीही मधल्या दिवशी रोवायला जायची.

"कोयनेल आणतो," मी म्हणालो. पोष्टात कोयनेलची, म्हणजे क्विनाइनची, पुडी मिळायची.

माय उसळली. "कोयनेल नाई. गरम पडते ते. शेजारच्या सुनेले शेवटी कोयनेलच देल्लं होतं. कानात घंट्या वाजल्या तिच्या, आन गेली."

"माय, ते कोयनेलनं नाई गेली. उशिरा देल्लं म्हणून गेली."

"तू होता का तिथं?"

मी नव्हतो. मी नागपूरला बेडकाच्या काळजावर थेंब टाकत होतो.

पण माझ्याकडे आणखी एक वस्तू होती. वसतिगृहातल्या मित्राचा मामा ब्रह्मदेशच्या लढाईतून परतलेला. त्याने येताना गोळ्यांचा एक मोठा डबा आणला होता. मेपाक्रिन. लढाईत कोयनेल मिळेना तेव्हा पलटणींना हीच द्यायचे. पिवळीधमक, कडू गोळी, पण कानात घंट्या वाजत नाहीत. मित्राने मला अर्धा डबा दिला होता, "तुमच्या जंगलात लागेल," म्हणून.

मी डबा घेऊन बहिणीच्या खाटेपाशी बसलो. तिने गोळी चिमटीत धरून उन्हात पाहिली.

"भाऊ, तू त नापास हाय ना?"

"अर्ध्या विषयात पास हाओ."

"मंग हे गोळी पास झालेल्या अर्ध्यातली हाय का दुसऱ्या अर्ध्यातली?"

ओट्यावरून बाबा म्हणाले, "आंधी तू खा."

आमच्याकडची ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ती मोडता येत नाही. जो खाऊ घालतो त्याने आधी खायचं. पाहुण्यापुढे ताट ठेवलं तरी घरचा माणूस पहिला घास घेतो, मग पाहुणा. औषधाला ही रीत लागू नाही, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. आणि मला तर कुणी आव्हान दिलं की खालमानेनं परत फिरायचं माहीतच नव्हतं. मी गोळी तोंडात टाकली, चावून खाल्ली. चावली हे चुकलं; जीभ संध्याकाळपर्यंत कडू होती. पण तोंड वाकडं केलं नाही.

बहिणीनेही घेतली, गुळाच्या खड्याबरोबर. पहिल्या दिवशी जास्त, मग कमी, हे तिच्याबाबतीत मी अगदी पुस्तकाप्रमाणे केलं. ठरल्या दिवशी थंडी आली, पण हलकी. मी एवढा फुगलो की त्या भरात परीक्षकांना मनातल्या मनात दोन-चार उत्तरं ऐकवली.

मग शेजारचे आले. "आमच्या पोट्ट्याले ताप हाय. देतो का गोळी?"

का नाही देणार? मी डबा खाकेत मारून निघालो. तिथं पोट्ट्याच्या आजीने हात आडवा केला. "आंधी तू."

खाल्ली. पुढच्या घरी म्हातारा कण्हत होता. त्याची सून म्हणाली, "तुमच्या घरी खाल्ली असन, आमी थोडी पायली." तिथंही खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याच घरांत गेलो, तर पुन्हा तेच. काल खाल्ली ती कालची. आजची गोळी आजची. ज्या घरी ताप त्या घरी पहिला घास माझा, आणि त्या पावसाळ्यात ताप नाही असं घर शोधावं लागलं असतं. रोगी एकेक मात्रा घेत होते आणि मी साऱ्या गावाची मात्रा घेत होतो.

मला कुणी अडवलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. मला मीच अडवायला हवं होतं. परीक्षकांनी विचारलेला प्रश्न माझ्या पोटात गोळीगोळीने जाऊन बसत होता. हे औषध लवकर बाहेर पडत नाही, अंगात साठतं. काल घेतलेलं आजही असतं, आज घेतलेलं त्यावर चढतं. पण पुस्तक वळकटीत होतं, वळकटी माळ्यावर होती, आणि मी गावातला नामांकित डॉक्टर होतो. नामांकित डॉक्टर माळ्यावर चढत नाहीत.

पहिल्यांदा माझी झोप उडाली. डोकं गरगर चालायला लागलं, तोंड त्याहून जास्त. मी बैलांना वैरण घालताना त्यांना हृदयावरच्या औषधांवर व्याख्यान दिलं म्हणे. मायने घाबरून बाबांना सांगितलं, "पोट्टा येड्यासारखा बोलून राहिला." बाबा म्हणाले, "तो आंधीपासूनच तसा हाय."

मग एका सकाळी विहिरीवर आंघोळ करत होतो आणि माय घागर घेऊन आली. घागर तिने खाली ठेवली नाही, सोडली.

"अवं माय! तू पिवळा झाला!"

मी हात पाहिले. लिंबासारखे. पोट पाहिलं. पिकल्या लिंबासारखं. इतके दिवस चिखलाने माखलेला असायचो म्हणून कळलं नसावं. लघवीही हळदीच्या पाण्यासारखी होत होती, पण मी ती उन्हाच्या नावावर घातली होती.

दुपार व्हायच्या आत गावाने काविळीचं निदान केलं. डाकदराले पिलिया झाला. स्वतःच्याच गोळीने झाला. त्याच संध्याकाळी घरोघरी उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या. कोंबड्यांनी त्यांना चोच लावली नाही, हेही पुरावा म्हणून मला सांगण्यात आलं.

एवढं झालं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण खाटेवर बसलेल्या माझ्या बहिणीनेही आपली गोळी मायच्या हातात परत दिली.

"काऊन?" मी विचारलं.

तिच्याऐवजी माय बोलली. "लगन हाय तिचं. पिवळी पोट्टी कोन नेईन? तू पिवळा झाला त झाला, तुले कोन पाहून राहिलं."

बहिणीची मात्रा अर्धीच झाली होती. मी ओरडलो, हात जोडले, पुन्हा ओरडलो. दिवस उलटले आणि एका दुपारी खाट पुन्हा वाजायला लागली. या खेपेला थंडी पूर्वीपेक्षा जोराची होती, आणि घाम येऊन गेल्यावर ती उठली नाही, भात मागितला नाही. दुसऱ्या दिवशी रोवायलाही गेली नाही. शेजारची म्हातारी, जिची सून गेली होती, ती दारात येऊन उभी राहिली, खाटेकडे पाहिलं आणि परत गेली. ते पाहणं मला कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी बाबांना ओट्यावर गाठलं. "बाबा, हा पिलिया नाई. हा गोळीचा रंग हाय. कापड रंगवावं तसं कातडं रंगलं, आतून काई झालं नाई. पिलिया झाला त डोळ्यातला पांढरा भाग पिवळा होते. माझे डोळे पाहा!"

बाबांनी माझी हनुवटी धरली, उजेडाकडे फिरवली आणि नीट पाहिलं.

"लाल हायत," ते म्हणाले.

झोप नव्हती ना. लालच असणार. माझं एकमेव शास्त्रीय प्रमाण असं माझ्याच जागरणाने खाल्लं.

मायने तोवर आपला उपाय केला होता. गोंदियाजवळच्या फुलचूरहून पिलिया उतरवणारा एक बुवा बोलावला. तो मोटारीने आला, छत्री घेऊन, आणि अंगणात बसल्याबसल्या पितळेची परात मागितली. मी मनाशी ठरवलं, आज याला सोडायचा नाही. परीक्षकांना सोडलं होतं ते पुरे झालं.

अंगण माणसांनी भरलं. बहिणीची खाट आम्ही ओसरीत आणली होती. ती गोधडीतून फक्त तोंड बाहेर काढून पाहत होती. बुवाने माझ्या हातांना कसल्याशा सालीची भुकटी चोळली, वरून चुन्याचं पाणी ओतत हात धुतले. परातीतलं पाणी पिवळं झालं. लोकांनी "अरे बापा" केलं.

"निघून राहिला," बुवा म्हणाला. "गंज भरला हाय आत." गंज म्हणजे आमच्याकडे पुष्कळ.

मी उभा राहिलो. "माझं त निघणारच! मी पिवळाच हाओ. बुवा, हिंमत असन त माझ्या बाबाचे हात धुवा. तेही याच भुकटीनं, याच पाण्यानं. बाबा काई पिवळे नाई. पाणी पिवळं झालं त समजून जा, रंग भुकटीचा हाय."

हा माझा डाव होता, आणि खरं सांगतो, आजही मला तो डाव म्हणून बिनतोड वाटतो. बाबा यायला तयार नव्हते, पण सगळं गाव पाहत होतं. ते येऊन बसले. बुवाने शांतपणे त्यांच्या हातांना भुकटी चोळली, चुन्याचं पाणी ओतलं.

पाणी माझ्यापेक्षा पिवळं झालं.

"पाहा!" मी ओरडलो. "पाहा आता!"

बुवाने परात तिरपी करून पाणी निरखलं, सुस्कारा सोडला आणि बाबांकडे मोठ्या दयेने पाहिलं.

"पटील, तुमालेही हाय. आतल्या आत हाय. बरं झालं पोट्ट्यानं सांगितलं."

बाबांचा चेहरा पडला. "माले रोज संध्याकाळी थकल्यावानी होते, ते..."

"तेच ते."

मायने पदर खोचला आणि हात पुढे केले. पिवळं. शेजारच्या काकाने केले. पिवळं. मग रांग लागली. जो तो सुपात तांदूळ घेऊन येऊ लागला आणि बुवाची झोळी फुगत गेली. मी रांगेच्या कडेने धावत सांगत होतो, "अरे, सगळ्याइलेच कसा पिलिया होईन? भुकटीचा रंग हाय बे!" तर एक जण मला म्हणाला, "तू बस गा, तुले जास्त हाय." बुवाला उघडं पाडायला निघालो आणि त्याला सबंध गाव रोगी म्हणून मिळवून दिलं. एवढा धंदा त्याने उभ्या जन्मात केला नसेल. जाताना त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला आशीर्वाद दिला. तो मी मनापासून घेतला नाही.

पण तो जायला उठला तेव्हा ओसरीतून आवाज आला. बारीक, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बुवा, थांबा जरा. बाबाले पिलिया हाय?"

"हाय, बाई."

"मायले?"

"तिलेही हाय."

"काकाले?"

"त्याले त जुना हाय."

बहीण कोपरावर उठून बसली. तोंड सुकलेलं, केस कपाळाला चिकटलेले. "बाबानं गोळी खाल्ली नाई. मायनं खाल्ली नाई. काकानं त गोळी डोळ्यानं पायली नाई. तरी त्याइले पिलिया हाय. मंग गोळीचा काय गुन्हा?"

बुवाने छत्री उघडली, पाऊस नव्हता तरी.

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिचं अनुमान कुठल्याही पुस्तकात बसणारं नव्हतं. खोट्या पिलियावर उभं होतं ते, आणि पोचलं मात्र बरोबर जागी. मी नको तिथं शास्त्र सांगत बसलो असतो तर ते पडलं असतं. आयुष्यात योग्य वेळी गप्प बसलो असा तो एक प्रसंग आहे, आणि तोही सुचलं नाही म्हणून.

"भाऊ, आन गोळी," ती म्हणाली.

"अवं, लगन..." माय म्हणाली.

"लगन जितीचं होते का मेलीचं?" तिने शेजारच्या घराकडे हात केला. "ते वैनी गोरीच्या गोरी गेली ना? काय केलं त्या गोऱ्या रंगाचं? पिवळी होईन त होईन. माले थंडी वाजून राहिली, तुमाले रंग सुचून राहिला."

शेजारची म्हातारी गर्दीत होती. ती पुढे आली, गुळाचा खडा मायच्या हातातून घेतला आणि खाटेपाशी जाऊन बसली. मी डबा आणला आणि सवयीने एक गोळी माझ्याच तोंडाकडे नेली.

बहिणीने माझा हात धरला. "तू नको खाऊ आता. तू गंज खाल्ली. ताप माले हाय."

या खेपेला तिने मात्रा पुरी घेतली, एकही गोळी न चुकवता. मी माळ्यावर चढून पुस्तक काढलं आणि पानापानाशी पडताळून तिला देत गेलो. थंडी एकदा हलकी आली, मग आलीच नाही. ती उठली, भात मागायला लागली, भांडायला लागली. आणि हो, पिवळी झाली. माझ्याइतकी नाही, पण कपाळ आणि तळहात उन्हात बघितले की कळायचं. माय दिवसातून चारदा तिला बेसन लावून घासायची. रंग जात नव्हता. तो आतून आला होता, आतूनच जाणार होता, आपल्या सवडीने.

धान पोटरीवर आलं तेव्हा निरोप आला की सोयरे पाहायला येतात. कशाला येतात ते सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरज नव्हती. कोहमाऱ्याच्या चहावाल्याला माझा निकाल कळतो, तर त्यांना पोरीचा रंग कळला नसेल?

मायने योजना आखली. "तू गोठ्यात बस," मला म्हणाली. "आन हिले मी हळद लावतो. मंगळवारची पूजा होती म्हणून सांगू. हळदीत काई दिसत नाई."

"मी गोठ्यात बसत नाई," मी म्हणालो. "बैलाइचं माझं व्याख्यान ऐकून झालं."

"आन मी हळद लावत नाई," बहीण म्हणाली. "खोटं सांगायचं त सांगा. मी उभी राहून खरं सांगीन."

बाबा दोघांकडे पाहत राहिले. "सगळं घर पिवळ्याइनं भरलं," एवढंच म्हणाले आणि पानाचा डबा घेऊन ओट्यावर जाऊन बसले.

बैलांची रेंगी दारात थांबली. मुलाचे वडील उतरले, आणि त्यांची विधवा बहीण. तिला सगळे आत्याबाई म्हणत. सासरे बोलायला मऊ होते, पण घरात चालायचं ते आत्याबाईंचं, हे आम्हाला ठाऊक होतं. पाणी झालं, चहा झाला, पावसाचं आणि किडीचं बोलून झालं. मग आत्याबाईंनी माझ्या बहिणीला जवळ बोलावलं, तिची हनुवटी धरली, आपला अंगठा जिभेला लावला आणि तिच्या गालावर घासला. अंगठा पाहिला. मग पुन्हा घासला.

"निघत नाई हे," त्या म्हणाल्या.

"नाई निघत," बहीण म्हणाली.

"काऊन?"

"आतून हाय म्हणून. ताप आला, पाणथरी वाढली. गोळ्या खाल्ल्या. ताप गेला, रंग राहिला. रंगही जाईन म्हणते भाऊ."

"हा भाऊ? हा त तुयाहून पिवळा हाय. डाकदर हाय ना हा?"

"नापास हाय," बहीण म्हणाली. "पण ताप गेला."

मायने डोळे मिटून घेतले. बाबांच्या हातातली सुपारी हातातच राहिली. मी मात्र ताठ बसलो. "नापास" हा शब्द माझ्यासाठी इतक्या अभिमानाने आधी कुणी उच्चारला नव्हता, नंतरही नाही.

"आन रंग नाई गेला त?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाई गेला त पिवळीच येईन. चालते त सांगा, नाई चालत त आताच सांगा. भात टाकायचा हाय माले, किती मानसाचा टाकू ते समजते."

आत्याबाईंनी आपल्या भावाकडे पाहिलं. सासऱ्यांनी खालच्या मानेने घसा खाकरला. दोघांच्या मधे काहीतरी होतं, ते कुणी आधी काढावं याची वाट दोघंही पाहत होते. शेवटी आत्याबाईच बोलल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

"आमी रंग पाहाले नाई आलो. पोट्टा पडला हाय आमचा. एक दिवस आड थंडी वाजते. पोट फुगलं हाय हे एवढं. तुमाले समजलं त तुमी सोयरीक मोडान म्हणून बोललो नाई. आमाले समजलं होतं, इकडं कोनाचा त ताप गेला, तेव्हा आलो."

ओट्यावर बसलेल्या बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की बैलांनी कान हलवले. मायचे डोळे उघडले, भरलेले. मी डबा आणायला उठलोही. डबा बराच हलका झाला होता, बराचसा माझ्यात होता, पण तळाशी एकाच्या मात्रेला पुरून उरतील एवढ्या गोळ्या होत्या.

मी आत्याबाईंना समजावून सांगायला लागलो, पहिल्या दिवशी किती, मग किती, किती दिवस, आणि मधेच बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. सासरे मान डोलावत होते. तेवढ्यात बहिणीने मला बाजूला सारलं. तांब्या हातातच होता तिच्या.

"आत्याबाई, त्याइले माझा निरोप सांगा. पुऱ्या गोळ्या खा म्हणा. कडू हायत, खा म्हणा. पिवळे झाले तरी खा म्हणा. ताप गेल्याबिगर मी माळ घालत नाई."

नवरीकडून नवऱ्याला अशी अट आमच्या पंचक्रोशीत आधी कुणी घातल्याचं मी ऐकलं नव्हतं. बाबा ओरडणार म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते, कानावर काही आलंच नाही अशा थाटात.

आत्याबाईंनी गोळ्या पदराच्या टोकात घट्ट बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली. रेंगीत चढताना मागे वळून त्यांनी माझ्या बहिणीला पुन्हा एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"खाईन तो," त्या म्हणाल्या. "नाई खाल्ल्या त मी छातीवर बसून चारीन. तू भात टाक व. उपाशी कायले जाऊ आमी?"

आणि चढलेल्या त्या पुन्हा खाली उतरल्या.